धनीरामचे सात इतवार

आता सांगतो ते कोणी मानणार नाही. मानू नका. मी ही गोष्ट पहिल्यांदा दरेकसाच्या स्टेशनावर सांगितली तेव्हाही कोणी मानली नव्हती, आणि तिथं तर गोष्टीतला माणूस माझ्या बाजूलाच बाकड्यावर बसला होता, जिवंत, गमछ्यानं तोंड बांधून.

तो माणूस म्हणजे आमचे जवाई धनीराम. माझी धाकटी बहीण सत्यभामा त्यांना दिलेली. ती त्यांच्या पलीकडे बसली होती, आणि तिच्या पलीकडे शेजारच्या सुशीलाबाई. सुशीलाबाई दवाखान्यात सिस्टर होत्या, आता रिटायर झाल्या. आमच्या गावात ख्रिस्ती घर त्यांचं एकट्याचं. दुसऱ्या दिवशी ईस्टर होता, म्हणून त्या चर्चसाठी गोंदियाला निघाल्या होत्या. आणि धनीराम निघाले होते दातांच्या डॉक्टरकडे. गाडी लेट होती. ती वेळेवर आली असती तर मी ही गोष्ट सांगितलीच नसती, आणि मग जे झालं ते झालं नसतं.

डॉक्टरचं काम कशाला पडलं, ते आधी ऐका. आमच्या भागात पाहुणा आला की पाण्याच्या आधी खर्रा पुढं येतो. सुपारी, तंबाखू, चुना प्लास्टिकच्या पन्नीत टाकायचा आणि तळहातानं घोटत बसायचं. घोटता घोटता लग्नं जमतात, वाटण्या होतात. धनीराम पाहुणा आला तरी खायचे, नाही आला तरी त्याच्या वाट्याचा खायचे. झोपेतही त्यांचा गाल हलत असे. असं पुष्कळ वर्षं चाललं आणि गालाच्या आतली कातडी जुन्या चपलेच्या पट्ट्यासारखी कडक झाली. तोंड उघडेना. डॉक्टर म्हणाला, चांगल्या तोंडात तीन बोटं उभी शिरली पाहिजेत. धनीरामच्या तोंडात एक शिरलं, तेही करंगळी. डॉक्टर म्हणाला, खर्रा बंद, आणि रोज तोंड फाकवायचा व्यायाम. उन्हाळा लागला की परत या. तेव्हाही तोंड असंच राहिलं तर नागपूरला जाऊन गाल आतून कापून घ्यावा लागेल.

आज ती तारीख होती.

अडचण अशी, की धनीरामनं वर्षभरात कोणापुढंही तोंड उघडलं नव्हतं. लाज वाटायची. जेवायचे ते भिंतीकडं तोंड करून. बोलायचं झालं तर दाताआडून ‘हूं’ म्हणायचे. एक ‘हूं’ म्हणजे हो, दोन म्हणजे नाही, आणि लांब ‘हूंऽऽ’ म्हणजे भाजीत मीठ नाही. व्यायाम करायचे म्हणे, पण गोठ्यात, दार लावून. केला की नाही, आणि केला तर काय फरक पडला, हे एक ते जाणत होते आणि दुसरी म्हैस.

सत्यभामा माझ्याकडं वळून हळू आवाजात म्हणाली, “दादा, डॉक्टरपुढंबी हे असेच गमछा बांधून बसले तं? तो पाह्यल्याशिवाय का सांगन? सिद्धा नागपूरची चिठ्ठी देऊन देईन.”

“मंग मी काय करू वो?”

“हसव ना यायले. एकदा तोंड उघडू दे लोकायपुढं. मंग भीड मोडन.”

सुशीलाबाई म्हणाल्या, “मी कालपासून सांगून राहिले, मला एकदा पाहू द्या. दोन वेळा ‘हूं’ म्हणाले.”

आता माणसाला हसवणं हे काही माझ्यासाठी मोठं काम नाही. मी एकदा मयतीत हसवलं होतं, आणि ज्याची मयत होती त्याचाही ओठ हलला असं पाहणारे सांगतात. तेव्हा मी माझा पंचा मांडीवर टाकला आणि बाकड्याच्या आसपास जे बसले होते त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सुरू केलं.

“या माणसाले तुम्ही आता गुमसुम पाहून राहिले,” मी म्हणालो, “पण याचा आवाज ऐकला नाही तुम्ही. हे बांधावरून बैलाले हाक मारत. एकदा अशीच हाक मारली, तं तिकडून येणारी मालगाडी जागच्या जागी उभी राह्यली. डरायवर खाली उतरून आला आन् हात जोडून म्हणे, साहेब, सिग्नल तं हरा होता.”

मोहफुलाची टोपली पुढ्यात घेऊन जमुनाबाई बसली होती. ती म्हणाली, “आन् बैल?”

“बैल त्या मालगाडीच्या आधी थांबला होता.”

लोक हसले. धनीराम समोरच्या रुळाकडं पाहत राहिले.

“मंग तोंड बंद झालं. आता भात खायचा तं एक-एक शीत, आडवं नाही, उभं. रातच्याले मच्छर आत जाऊ पाहे, तं त्याले पाख घडी करून जावं लागे. जांभई आली तं बाहेर पडाले वाट नाही. ते कानाकडून निघे आन् गमछा हाले.”

सत्यभामानं नवऱ्याच्या गमछ्याकडं पाहिलं. गमछा हलला नाही.

मग मी मुख्य गोष्टीवर आलो. फेब्रुवारीत एका बुधवारी सुशीलाबाई गोंदियाहून परतल्या, त्या कपाळावर राख लावून. धनीराम अंगणात बसले होते. त्यांना वाटलं कोणत्या तरी बाबाचा अंगारा आहे. आपल्या तोंडावरही उतारा मिळेल म्हणून त्यांनी कपाळाकडं बोट दाखवलं आणि ‘हूं?’ केलं. सुशीलाबाईंनी सांगितलं, हा अंगारा नाही, आमचा राखेचा बुधवार. आजपासून ईस्टरपर्यंत आमचा लेंट, उपासाचा काळ. ज्याच्याशिवाय जमत नाही असं वाटतं ते या दिवसांत सोडायचं, आणि रिकाम्या जागी एक चांगली गोष्ट ठेवायची. “मी साखर सोडली आणि सकाळचं फिरणं धरलं,” त्या म्हणाल्या. “मागच्या साली सिरियल सोडली होती. तिच्यातली सासू अजून मेली नाही म्हणतात.”

“तुमचा उपास आमच्या लोकायले चालते का?” सत्यभामानं विचारलं होतं.

“सोडायला कोणालाही चालते.”

डॉक्टरनं सांगूनही खर्रा सुटला नव्हता. सत्यभामानं तिथल्या तिथं घरातला खर्रा, सुपारी, चुन्याची डबी सगळं शेणाच्या खड्ड्यात टाकलं आणि नवऱ्याकडं पाहिलं. धनीराम म्हणाले, ‘हूं.’ एकच होता. अंगणातल्या सगळ्यांनी ऐकला.

पहिले दिवस फार वाईट गेले. त्यांनी चिंचोके चघळले. गमछ्याचं टोक चघळलं. खाटेची दोरी एका अंगानं चघळून इतकी नरम केली, की सत्यभामा त्या अंगाला झोपायला भांडू लागली.

“चूप,” सत्यभामा म्हणाली. पण ती हसत होती.

धनीराम हसत नव्हते.

“मंग इतवार आला,” मी सांगितलं. “आन् सिस्टरनं एक गोष्ट सांगून टाकली, जे सांगाची गरज नव्हती.”

सुशीलाबाई म्हणाल्या, “खरं ते सांगितलं. रविवार उपासात धरत नाही. तो आनंदाचा दिवस.”

झालं. धनीरामनं त्या इतवारी आठवड्याचा सगळा खर्रा दिवस मावळायच्या आत खाल्ला. मग सोमवारी अंगणात बसून विचार करू लागले. हा माणूस विचार करतो तेव्हा कोंबड्याही बाजूनं जातात. संध्याकाळी ते कुंपणाजवळ गेले आणि दाताआडून, एकेक शब्द बाहेर ओढत, सुशीलाबाईंना विचारलं, “इतवार म्हणजे का होय?”

सुशीलाबाईंनी भोळेपणानं सांगितलं. कामधंदा बंद असतो. माणूस धुतलेले कपडे घालतो. चार लोक एका जागी भेटतात, सुखदुःख बोलतात. घरी जाताना पोरांसाठी काही गोड नेतात.

आता मला सांगा, आमच्याकडं इतवारी यातलं काय होते? इतवारी आम्ही नांगरतो, खत टाकतो, मोहफूल वेचतो. कामधंदा बंद, धुतलेले कपडे, चार लोकांची भेट, पोरांसाठी चिवडा-जिलेबी, हे सगळं ज्या दिवशी होते तो आठवडी बाजाराचा दिवस. आमच्या बैलालाही त्या दिवशी जुवाखाली मान घाल म्हटलं तर तो तोंडाकडं पाहतो. म्हणजे धनीरामच्या हिशेबानं आमच्या गावचा इतवार बाजाराच्या दिवशी येतो. आणि बाजार तर प्रत्येक गावचा वेगळ्या वारी. सालेकसाचा वेगळा, आमगावचा वेगळा, जंगलातल्या गावांचे वेगळे, पलीकडं छत्तीसगडच्या हद्दीतले आणखी वेगळे. तेव्हा जो माणूस ज्या दिवशी जिथं बाजार भरतो तिथं जाऊन उभा राहील, तो इतवारात उभा राहील.

“असे आठवड्याचे सात इतवार काढले यानं,” मी म्हणालो. “येशूच्या वेळचा कोणी हजर असता तं त्यानंबी डोक्याले हात लावला असता.”

जमुनाबाई म्हणाली, “बरोबर तं हाय. बजार म्हणजे बजार.”

“मी पण बोटांवर वार मोजून पाहिले,” सुशीलाबाई म्हणाल्या. “म्हटलं, ठीक आहे. पण पायी जायचं. उपासाच्या दिवसांत मोटरसायकलवर बसून इतवार गाठणं शोभत नाही. आणि खायचा तो बाजाराच्या आत. वाटेवर नाही, घरी नाही.”

धनीरामनं एक ‘हूं’ दिला. त्यांना वाटलं, सस्त्यात सुटलो. इंजेक्शन देणारी बाई कमरेकडं पाहून बोलते आणि दंडात टोचते, हे त्यांच्या लक्षात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे निघाले. डोंगर, जंगल, नाला, पुन्हा डोंगर. दुपारी बाजारात पोचले, पानठेल्यावर उभे राहून खर्रा खाल्ला, आणि पाहतात तर परत निघायची वेळ झालेली, कारण दिवस बुडाल्यावर त्या जंगलात कोणी पायी चालत नाही. तिसऱ्या दिवशी दुसरं गाव. चौथ्या दिवशी तिसरं. चप्पल झिजून इतकी पातळ झाली, की पैशाच्या नाण्यावर पाय पडला तर छापा की काटा ते तळपायाला कळायचं.

लोक हसले. मी तिरक्या नजरेनं पाहिलं. गमछ्याआड काही नाही.

“वाटेत एक अस्वल भेटे,” मी जोर लावला. “मोहफुलाचे दिवस, अस्वल झाडाखाली बसूनच राहते. पहिल्या दिवशी त्यानं याले पाह्यलं, यानं त्याले. हे तोंड उघडून ओरडू शकत नाहीत, आन् न ओरडणारा माणूस अस्वलानं कधी पाह्यला नव्हता. त्याले वाटलं, आपल्यातलाच कोणी होय. लागलं मागं. रोज घाटीच्या पायथ्यापासून माथ्यापर्यंत सोबत. पंधरा दिवसांत त्याचं पोट आत गेलं. अंगावरची कातडी ढिली पडली. पाह्यनाऱ्याले वाटे, कोणाचं तरी मागून आणलेलं कातडं घातलं.”

“पतलं, काळं?” जमुनाबाई म्हणाली. “माह्या झाडाखाली येते ते?”

“तेच.”

“ते तं पाटलाचं कुत्रं होय गा.”

“आता तसंच दिसते,” मी म्हणालो.

सुशीलाबाईंनी डोळ्याला पदर लावला. सत्यभामा पोट धरून बसली. धनीरामनं गमछ्याची गाठ सोडली, पुन्हा बांधली, आणखी कसून बांधली.

मग मी बाजाराची गोष्ट सांगितली. धनीराम इतक्या नेमानं फिरू लागले, की गावोगावच्या लोकांनी वार मोजणंच सोडलं. धनीराम दिसला म्हणजे आज बाजार. एका दिवशी त्यांचा रस्ता चुकला आणि ते भलत्याच वारी एका गावात जाऊन पोचले. वेशीवरच्या बाईनं पाहिलं, ओरडली, “वो, बजार हाय आज!” दहा मिनिटांत वांगेवाला बसला, बांगड्यावाला बसला, सुक्या मासोळीवाली आली, न्हावी आरसा घेऊन आला. सरपंच धावत आला आणि म्हणाला, मला कोणी सांगितलं काऊन नाही? त्या गावात आजही आठवड्यातून दोन बाजार भरतात. दुसऱ्याला धनीरामचा बाजार म्हणतात.

“कोनतं गाव?” मागून कोणी तरी विचारलं.

“तुम्ही जाल त्या दिवशी बंद राहीन,” मी म्हणालो. “पण आता खरी गोष्ट ऐका. घाटी चढताना छाती भरून येते का नाही? दम नाकात मावत नाही. माणूस तोंडानं दम घेते. पण तोंडात खर्रा असला तं दम कुठून येईन? बाजारातून निघताना हे गालात एक गोळा लपवून आणत. सिस्टरले दिसणार नाही असा. घाटीच्या पहिल्याच वळणावर डोळ्यापुढं अंधारी आली. थुंकला. दुसऱ्या दिवशी पुन्हा आणला, पुन्हा थुंकला. मंग आणणंच सोडलं. आन् दम घ्यासाठी तोंड थोडं थोडं फाकलं. गोठ्यात कितीक फाकलं मले ठाऊक नाही, पण घाटी कोणाची लाज धरत नाही. तिथं दम पाहिजे तं तोंड उघडा, नाही तं बसा खाली.”

बाकड्याजवळचं हसणं थोडं थांबलं. सत्यभामा नवऱ्याकडं पाहू लागली होती.

“होळीनंतर,” मी म्हणालो, “हे बाजारात जात आन् खर्राच घेत नसत. उसाचा रस पीत, पेरू घेत, चार लोकायले रामराम करत आन् परत.”

“पेरू?” सत्यभामा म्हणाली. “पेरू खाले तोंड लागते ना, दादा?”

पेरूचं मला बाजारात भेटलेल्या एकानं सांगितलं होतं, आणि ते खरं की खोटं हे त्यालाही माहीत नव्हतं. सगळ्यांनी धनीरामकडं पाहिलं. त्यांनी मान खाली घातली. दोन ‘हूं’ आले नाहीत, एकही आला नाही.

“दाखवा ना,” सत्यभामा म्हणाली. “एकदा. मले एकटीले. बाकी लोक तिकडं पाह्यतीन.”

बाकीच्यांनी खरंच तिकडं पाहिलं. जमुनाबाईनं तर टोपलीवर पदर घातला, जसं काही मोहफूलही पाहणार होतं. धनीरामचा हात गमछ्याच्या गाठीपर्यंत गेला आणि तिथंच राहिला.

तेवढ्यात सिग्नल पडला. दूर बोगद्याकडून गाडीचा आवाज येऊ लागला. सत्यभामाचा चेहरा उतरला. तिनं डॉक्टरच्या कागदांची थैली छातीशी धरली. गाडीत बसले की गर्दी, गोंदियात उतरले की गर्दी, आणि मग डॉक्टरची खुर्ची. मला कळून चुकलं, की हा माणूस हसणार नाही. माझ्या सत्तर वर्षांच्या आयुष्यात मी सांगितलेल्या गोष्टीवर न हसलेले दोनच जण, एक हा आणि एक बहिरा.

आता माझ्याजवळ एकच गोष्ट उरली होती. ती मी ठेवणीतली म्हणून ठेवली होती, कारण ती शंभर टक्के खरी होती.

मी उठून उभा राहिलो. पंचा झटकला. म्हटलं, “लोकहो, गाडी आली, म्हणून शेवटचं सांगतो. यायचं नाव झालं, सात इतवारवाला धनीराम म्हणून. होऊ द्या. आपला जवाई होय. पण त्या घाटीनं हा माणूस एकटा चढला असं कोणाले वाटते का? या वयात? असं तोंड घेऊन? रोज सोबत कोण होतं? मी होतो. पहिल्या दिवसापासून. हे दोन पावलं चालत आन् बसत. मी म्हणो, उठा जवाईबापू. मंग हे माह्या गळ्यात हात टाकत. पुढं पुढं तं मी यायले पाठीवरच घेऊन जाऊ लागलो. खरं चाललो ते मी चाललो. यायनं फक्त...”

गमछा खाली पडला.

धनीराम उभे राहिले होते. मान वर, गळ्याच्या शिरा ताणलेल्या, आणि त्यांच्या तोंडातून जो आवाज निघाला त्यानं फलाटावरची शेळी रूळ ओलांडून पळाली. सत्यभामानं थैली सोडून दिली. सुशीलाबाई तीन बोटं उभी धरून पुढं झाल्या, जसं दवाखान्यात चाळीस वर्षं करत आल्या, पण बोटं घालायची गरज पडली नाही. तिथून दाढा दिसत होत्या, वरच्या आणि खालच्या.

“झूऽऽठ!” धनीराम ओरडले. “झूठ बोलून राह्यला हा बुढा! एक दिवस नाई आला! एकटा चढलो मी, एकटा! आन् पाठीवर कोणाले घेतं रे तू? तुले तं पानठेल्यापर्यंत जाले पोराच्या फटफटीवर बसा लागते!”